गर्दे गुरुजी हवेत

झाशीत मराठी घरं मूठभर आणि त्या सगळ्यांना मिळून भटजी एकच, श्रीकृष्ण गर्दे. बारशाला तेच, लग्नाला तेच, तेराव्यालाही तेच. अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून भरभक्कम. सत्यनारायण इतक्या झपाट्याने आटपायचे की प्रसादाचा शिरा अजून शेगडीवरच असायचा. खंडेराव गेटजवळ आमच्या लोकांचं दत्ताचं छोटं देऊळ आहे, तिथली पूजाही त्यांच्याकडेच होती. देवळाचे विश्वस्त अनंतराव लघाटे. तहसील कचेरीतून बडे बाबू म्हणून रिटायर झालेले. दत्तमहाराज आपल्या हाताखाली नेमलेले आहेत, अशी त्यांची समजूत होती.

१९९३ च्या हिवाळ्यात गुरुजींना छावणीतून बोलावणं आलं. फौजेच्या साहसी खेळांच्या क्लबात दोन हँग ग्लायडर आले होते आणि क्लब चालवणारे मेजर यशवंत घोरपडे यांना त्यांची पूजा करून हवी होती. मेजर कोल्हापूरचे. गुरुजी ताम्हन, नारळ, हळदकुंकू घेऊन पोचले आणि इकडेतिकडे बघू लागले.

"विमान कुठे आहे?"

"हे काय, तुमच्या पुढ्यातच हाय."

पुढ्यात अॅल्युमिनियमच्या नळ्या होत्या आणि त्यांच्यावर ताणलेलं निळं-पिवळं कापड. खाली तीन दांड्यांची एक तिकटी, तिच्या आडव्या दांड्याला दोन लहानशी चाकं. इंजिन नाही, खुर्ची नाही, दार नाही.

"बसायचं कुठे?"

"बसायचं न्हाई. लोंबायचं."

मेजरांनी हौसेने समजावून सांगितलं. ही शिकाऊ जात. पंख मोठे, चाल मंद. पट्टे बांधून वरच्या नळीला लटकायचं, उतारावरून वाऱ्याच्या तोंडी पळत सुटायचं की ते आपल्याला उचलून घेतं. दांडा अंगाकडे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो. वळायचं असेल तिकडे अंग सरकवायचं. "लई गरीब जनावर हाय गुरुजी. तुम्ही काहीच केलं न्हाई तरी आपलं आपण सरळ ऱ्हातंय. बिघडवतो तो माणूस."

गुरुजींनी ग्लायडरच्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ फोडायला मात्र त्या नळ्यांत जागा सापडेना. शेवटी तो जीपच्या बंपरवर फोडला. खोबरं वाटताना मेजर म्हणाले, "गुरुजी, इतकी वर्षं लोकांना वर पोचवताय. एकदा स्वतः जाऊन रस्ता बघून या की."

सगळे हसले. गुरुजीही हसले. पण त्या आठवड्यातल्या सत्यनारायणात कथेतली बुडणारी नाव गुरुजींच्या तोंडून उडाली. यजमानांनी भक्तिभावाने हात जोडले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. गुरुजींच्या मात्र आलं, आणि रविवारी ते बबीना रस्त्यावरच्या त्या टेकडीवर हजर झाले.

पहिला धडा सपाट जमिनीवर, ग्लायडर खांद्यावर घेऊन पळण्याचा. गुरुजी पळाले. धोतराचा सोगा चाकात गेला. ग्लायडर पुढे गेला, गुरुजी पुढे गेले, धोतर मागे राहिलं. मेजरांनी स्टोअरमधून सर्वांत मोठ्या मापाची खाकी पँट मागवली. तेव्हापासून ती पँट पूजेच्या पिशवीत, सोवळ्याच्या खाली घडी घालून असायची.

शिकणारे बहुतेक तरणे फौजी. त्यांच्यात एक मुलगी होती. तिने हेल्मेट काढलं. ती विजयालक्ष्मी होती, अनंतरावांची धाकटी.

"गुरुजी, आप?"

"विजया, तू?"

घरी तिने सांगितलं होतं सिव्हिल लाइन्समध्ये कॉम्प्युटरचा क्लास आहे. मराठी तिला सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच यायची. "आप मेरा मत बताइए, मैं आपका नहीं बताऊँगी," ती म्हणाली. धर्मशास्त्रात याला काय म्हणतात ते गुरुजींनी आठवून पाहिलं नाही. मान डोलावली.

विजया उडायची तेव्हा बघत राहावं असं उडायची. गुरुजी मात्र टेकडीच्या माथ्यावर उभे राहायचे, चार पावलं पळायचे आणि गच्च थांबायचे. रविवारमागून रविवार गेले. वारा आडवा आहे म्हणायचे, राहुकाळ आहे म्हणायचे. एकदा तर सुतक काढलं.

"मुहूर्त बघताय काय?" मेजर वैतागले.

विजयाने त्यांना बाजूला घेतलं. "गुरुजी, डर लगता है?"

"लागतं ना. दहाव्याला काय काय करतात ते मला तपशीलवार ठाऊक आहे गं."

ती हसली नाही. "दांडा कसके मत पकडिए. बस, उँगलियाँ रखिए. वो खुद जानता है."

इकडे गावात बातमी पसरलीच. भटजी फौजी जीपमध्ये दिसले, तेही पँटीत. अनंतराव तडक गुरुजींच्या घरी गेले. गुरुजी नव्हते. दारात भानुमतीबाई होत्या, गुरुजींच्या पत्नी.

"गुरुजी पँट घालतात म्हणे?"

"घालतात. धुते मीच."

"आणि जातात कुठे?"

"ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. पण गुडघ्यांना गवत लागलेलं असतं, दारूचा वास नसतो. मी विचारत नाही."

अनंतरावांनी पुढच्या रविवारी स्कूटरला किक मारली आणि जीपच्या मागे निघाले.

टेकडीवर गुरुजी पट्टे बांधून, लटकून बघण्याची तपासणी करून उभे होते. मागे दुसऱ्या ग्लायडरखाली विजया. खाली स्कूटर थांबलेली विजयाने आधी पाहिली.

"बाबा!"

अनंतराव छत्री उगारत चढ चढू लागले होते. अर्ध्यावर दम लागून थांबले, पुन्हा निघाले. विजया माथ्यावरच अडकली होती. पट्टे सोडून पळायलाही वेळ नव्हता. गुरुजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा छत्रीकडे. अनंतराव माथ्यावर पोचले तर दोघंही सापडणार. त्यांना खाली परत न्यायचं तर त्यांच्या रागाला खाली काहीतरी लागणार.

"मेजरसाहेब, वारा कसा आहे?"

"फस्क्लास."

"मग सोडा."

गुरुजी पळाले. चार पावलं, पाच, सहा. सातवं पाऊल हवेत पडलं. आठवंही. गुरुजी काही वेळ हवेतच पळत होते, मग त्यांच्या लक्षात आलं की याची आता गरज नाही. कानांत वारा होता, बाकी आवाज नाही. दांड्यावर फक्त बोटं होती. खाली गवत, बाभळी, हिरव्या हरभऱ्याचं शेत, आणि उतारावर एक टक्कल चकाकत होतं.

टक्कल ओरडलं, "गुरुजी! खाली उतरा आधी!"

"तेच करतोय!" गुरुजी वरून ओरडले.

उतरताना शेवटी दांडा जोरात पुढे ढकलायचा असतो, म्हणजे ग्लायडर थांबतो आणि माणूस पायांवर उभा राहतो. गुरुजी ते साफ विसरले. चाकांवर पोट टेकवून हरभऱ्यातून लांबवर घसरत गेले आणि तोंडात पाला घेऊन थांबले. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. हसू आवरत नव्हतं.

अनंतराव उतारावरून परत धावत खाली आले. "शरम आहे? आमचा भटजी पँट घालून वटवाघळासारखा लोंबतो! उद्यापासून देवळात पाऊल टाकू नका!"

गुरुजी पाला थुंकत म्हणाले, "अनंतराव, वरून तुम्ही फारच लहान दिसता हो."

तेवढ्यात अनंतरावांच्या डोक्यावरून सावली गेली. दुसरा ग्लायडर आला, झोकात वळला आणि शेताच्या कडेला अलगद थांबला. माणूस दोन पायांवर उभा.

"हे बघा!" अनंतराव गरजले. "याला म्हणतात उडणं! फौजी गडी आहे, काय सफाईने उतरला! तुम्ही मेले पोत्यासारखे पडता!"

गड्याने हेल्मेट काढलं. वेणी खाली आली.

विजयाने वरूनच सगळं ऐकलं होतं. तिला दुसरीकडे उतरता आलं असतं. ती बापासमोर येऊन उभी राहिली आणि आजवर घरात बोलली नव्हती अशा अडखळत्या मराठीत म्हणाली, "बाबा, मी पण उडते. गुरुजींना काढायचं तर मला पण काढा."

अनंतराव शेताच्या बांधावर बसले. बराच वेळ छत्री उघडत-मिटत राहिले.

"कॉम्प्युटर?"

"शनिवारी असतो."

"पडली असतीस म्हणजे?"

"गिरी थी," ती म्हणाली. "फिर उठी."

अनंतरावांनी जीप घेऊन खाली आलेल्या मेजरांकडे पाणी मागितलं, प्यायले, आणि मुलीला स्कूटरवर मागे बसवून निघून गेले.

घरी गुरुजींनी भानुमतीबाईंना सगळं सांगितलं. देऊळ गेलं हेही सांगितलं. त्यांनी नवऱ्याच्या कोपरावर हळद लावली.

"वर काय होतं?"

"काही नाही गं. कोणीही नव्हतं. फार बरं वाटलं."

अनंतरावांनी ग्वाल्हेरहून नवे भटजी आणले. ते एकेक मंत्र चघळून म्हणायचे. दुपारचा नैवेद्य चहाच्या वेळेला व्हायचा, आणि उपाशी भक्त देवाकडे कमी, अनंतरावांकडे जास्त बघायचे. होळीच्या आत अनंतराव गुरुजींच्या दारात आले. माफी वगैरे काही नाही. "उद्यापासून या," एवढंच.

विजयालाही परवानगी मिळाली, वडील बरोबर येतील या अटीवर. त्यामुळे मग दर रविवारी अनंतराव टेकडीच्या पायथ्याशी येतात. तिथे भानुमतीबाई डबा घेऊन बसलेल्या असतात. मुलगी वर पळू लागली की अनंतराव टेकडीकडे पाठ करतात, डोळे मिटतात आणि विचारतात, "वहिनी, उतरली का?"

"अजून नाही," भानुमतीबाई सांगतात. "आत्ता बाभळीवरून वळली. छान चाललीय. तुम्ही लाडू घ्या."