कपात उरलेला साक्षीदार

सुऱ्यांना मुठी बसवणाऱ्या त्या माणसाला आता स्वतःच्याच कारखान्यात पाऊल टाकायची बंदी होती. कारखाना म्हणजे काय, तर घरामागची एक खोली. त्यात एक टेबल, पट्ट्याचं घासणयंत्र, भिंतीला ओळीने टांगलेले क्लॅम्प आणि चिकटवायच्या सामानाची एक उंच मांडणी. इतकी वर्षं तो उघड्या हातांनी इपॉक्सीचा गोंद कालवत आला होता. बोटाला लागलं तर चिंधीने पुसायचं, की झालं. मग केव्हातरी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, पुढे कातडी तडकली, आणि शेवटी एका सकाळी पापण्या अशा सुजल्या की आरशात स्वतःचं तोंडही दिसेना.

"शरीराने एकदा गोंदातल्या या हार्डनरला वैरी ठरवलं ना, की ते विसरत नाही," त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "आता थेंब नको आणि वाफही नको."

"हातमोजे घातले तर?"

"ते आधी घालायचे होते."

बायकोचा धाकटा भाऊ गाड्या दुरुस्त करायचा. बातमी कळल्याबरोबर तो म्हणाला, की रविवारी टेम्पो आणतो आणि सगळं माझ्या गॅरेजमध्ये नेतो, डोळ्यांसमोर राहिलं तर भावोजी गप्प बसायचे नाहीत. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण बहिणीने त्याला अडवलं.

"एक काम मला करून बघू दे," ती म्हणाली. "एका मोठ्या स्वयंपाकघरातल्या बाईंच्या सुऱ्या आल्यात, मुठी निखळलेल्या. हे बाहेरून सांगतील, मी आतून करीन. जमलं तर खोली आहे तशीच राहील. नाही जमलं तर ने सगळं, मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि भावोजी?"

"ते खिडकीबाहेर. स्टूल दिलंय त्यांना."

ती हे बोलली तेव्हा तो दाराआड उभा होता. रात्रंदिवस गोंदात हात घालून बसलेल्या नवऱ्याला जन्मभर नावं ठेवणारी बाई त्याच्यासाठी गोंदात हात घालायला निघाली होती.

मग सुरुवात मांडणी आवरण्यापासून झाली. तो स्टुलावर, ती आत. खिडकीची काच घट्ट लावलेली, त्यामुळे दोघंही ओरडून बोलायची. शेजारणीला वाटलं, बऱ्याच दिवसांनी यांचं जुंपलंय. ती कुंपणापर्यंत येऊन ऐकून गेली आणि निराश होऊन परतली.

"वरच्या फळीवर काय?" बायकोने विचारलं.

"पांढरा डिंक. त्यातलं पाणी उडून गेलं की तो धरतो. मधल्या फळीवर रबराचं सोल्युशन, त्यातून पाण्याऐवजी तो उग्र वास उडतो."

"आणि खालच्या?"

"खालचं काहीच उडून जात नाही. ते वाळत नाही, ते घट्ट होतं. रेझिन आणि हार्डनर, दोघं भेटले की एकमेकांचे हात धरतात. पण ठरलेल्या मापात भेटले तरच. एक जास्त झाला, तर जास्तीच्याचा हात धरायला कोणी उरत नाही. तो मोकळाच फिरत राहतो आणि सगळं लिबलिबीत."

"म्हणजे तुमच्या बहिणी. तिघी जमल्या की एक रुसलेली असतेच."

तो हसला. हसताना पापण्या ओढल्या गेल्या आणि डोळ्यांतून पाणी आलं.

त्याचे नियम तिला ऐकून ऐकून पाठ होते. रेझिनची झाकणं लाल रंगवलेली, ती डावीकडे. हार्डनरची निळी, उजवीकडे. मध्ये एक उभी फळी, म्हणजे दोघांची चुकूनही गाठ पडायला नको. पूर्वी एकदा झाकणांची अदलाबदल झाली होती, तेव्हा दोन्ही बाटल्यांनी कायमचं तोंड मिटलं होतं. त्या अजून कोपऱ्यात पडून होत्या.

खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर कपांची रांग होती. प्रत्येक कामानंतर कपात उरलेलं मिश्रण तो काडीसकट तिथे ठेवायचा. मुठीच्या आत बसलेला गोंद घट्ट झाला की नाही हे कोणाला दिसत नाही. बाहेरून मूठ झकास दिसते आणि आत मऊ राहिलेलं असतं. भाजी चिरताना पातं एकीकडे आणि मूठ दुसरीकडे गेली, की हात कापलाच. म्हणून दुसऱ्या दिवशी कपात नख रुतवून बघायचं. नख उमटलं नाही, तरच सुरी घराबाहेर. कपाला तो साक्षीदार म्हणायचा. काम गेलं तरी साक्षीदार तिथेच राहायचे आणि उन्हाने हळूहळू पिवळे पडायचे. रांगेच्या एका टोकाला चहाच्या रंगाचे म्हातारे होते, दुसऱ्या टोकाला मधाच्या रंगाचे. पाण्यासारखा नितळ त्यात एकही नव्हता. आजारपणात नवं काही कालवलंच नव्हतं.

"अहो, निळ्या झाकणाच्या दोन बाटल्या आहेत," ती आतून ओरडली. "दोन्ही अर्ध्या. एकीत ओतून टाकू?"

तिच्या स्वयंपाकघरात अर्धा डबा दुसऱ्या दिवशी सापडायचा नाही, त्याच्या जोडीच्या डब्यात गेलेला असायचा. तिने एक बाटली काचेला लावली, मग दुसरी.

"एकच आहे ना?"

त्याने डोळे ताणून पाहिलं. डोळे म्हणजे नुसत्या फटी होत्या, त्यातून पाणी झरत होतं. दोन्ही बाटल्यांवरचा कागद त्याला तपकिरी डागासारखा दिसला. दिसत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण सकाळीच त्याने तिला सांगितलं होतं की डोळे आता ठणठणीत आहेत. तसं सांगितलं नसतं तर तिने त्याला स्टुलावरही बसू दिलं नसतं, आणि भावाला फोन लावला असता. शिवाय ती हातमोजे, ॲप्रन आणि तोंडावर मास्क अशा थाटात, दोन्ही हातांत बाटल्या घेऊन शाबासकीसाठी थांबली होती.

"एकच आहे," तो म्हणाला. "ओत."

कालवताना तिने जीव ओतला. कपावरच्या रेघेपर्यंत दोन भाग रेझिन, वर एक भाग हार्डनर. रेघ डोळ्यांच्या पातळीत यावी म्हणून ती टेबलाशी गुडघे टेकून बसली.

"सावकाश. कडेला लागलेलंही ओढून घे. फेस नको."

"माहितीये हो."

"तळाशी बघ, तळाशी."

"लग्न झाल्यापासून एवढं निरखून माझ्याकडे बघितलं नव्हतं तुम्ही."

"तुझ्याकडे नाही, कपाकडे बघतोय."

"तेही माहितीये."

लाकडाच्या फळ्या पात्यांच्या मुठीत जाणाऱ्या शेपटांवर बसल्या, पिना गेल्या, क्लॅम्प आवळले गेले. कडेने बाहेर आलेला गोंद तिने कापसाने पुसून घेतला. एकेक सुरी तिने खिडकीशी आणून दाखवली. फटीतून दिसलं तेवढ्यात तरी काम सुबक होतं. उरलेला कप तिने कट्ट्यावर रांगेच्या टोकाला ठेवला आणि काचेवर टकटक केली.

"आता?"

"आता उद्या."

त्या संध्याकाळी त्याला भूक लागली. पुढच्या मुठींसाठी कोणतं लाकूड आणायचं यावर दोघं वाद घालत राहिली. झोपताना ती म्हणाली, "हातांना वास येतोय माझ्या, तुमच्यासारखा." आणि मग घाईने म्हणाली, "लांब झोपते, तुम्हाला त्रास नको."

औषधाने सकाळपर्यंत सूज बरीच उतरली. तो उठला तेव्हा अंथरुणात ती नव्हती. तोंड धुऊन तो खिडकीशी आला. ती आत उभीच होती, हातात कप.

"बघा," ती म्हणाली. कप काचेला लावून तिने अंगठ्याचं नख त्यात जोरात रोवलं. "उमटतंय का? अजिबात नाही. दगड झालाय नुसता."

त्याने पाहिलं. आज सगळं स्वच्छ दिसत होतं: तिच्या नखाचं पांढरं टोक, कपातली मोडकी काडी, आणि कपातला मध. कालवून एक रात्र झालेलं इपॉक्सी मधाच्या रंगाचं होत नाही.

त्याने नजर कट्ट्यावर नेली. साक्षीदारांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. आजूबाजूला धूळ आणि तिथे कपाच्या बुडाएवढा स्वच्छ गोल. टोकाचा कालचा कपही जागेवर नव्हता. तिच्या पायाशी कचऱ्याचं खोकं होतं, त्यात निळ्या झाकणाची रिकामी बाटली आडवी पडलेली. तिच्यावरचा कागद आता इथूनही वाचता येत होता: एकास एक. तो हार्डनर दुसऱ्याच रेझिनच्या जोडीचा होता. ते रेझिन केव्हाच संपलं होतं आणि अर्धी बाटली टाकवली नाही म्हणून त्यानेच ठेवून दिली होती.

ती काचेपलीकडून त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मास्क होता, डोळे तेवढे दिसत होते. रात्रभर न झोपलेले.

"छान," तो म्हणाला.

"म्हणजे जमलं?"

"जमलं."

"बाईंना फोन करायचा का लगेच?"

"इतक्यात नको. राहू दे क्लॅम्पमध्ये दोन दिवस."

"हो, तेच म्हणते मी," ती पटकन म्हणाली. "राहिलेलं बरं. मुरेल."

तिला वाटत होतं की अजून मुरेल. त्याला माहीत होतं की ते आता कधीच मुरणार नाही. दोन दिवसांनी, दोन वर्षांनी नख रुतवलं तरी तसंच रुतेल. पण हे तिला सांगायचं, तर कप ओळखला हेही सांगावं लागलं असतं, आणि काल बाटली दिसली नव्हती हेही. त्याने दोन्ही वाक्यं मनात जुळवून पाहिली. पहिल्याने ती खजील झाली असती. दुसऱ्याने तिने त्याला माफ केलं असतं आणि उद्या पुन्हा ॲप्रन चढवून विचारलं असतं, आता नीट सांगा, कोणती बाटली. आणि तो पुन्हा स्टुलावर बसला असता. पापण्या पुन्हा सुजल्यावर पुन्हा म्हणाला असता, एकच आहे, ओत. स्वतःला तो चांगला ओळखत होता.

चहा घेऊन तो अंगणात आला तेव्हा कारखान्यातून घरघर ऐकू आली. त्याला वाटलं, पंखा लावलाय. तो खिडकीजवळ गेला नाही, नळाशी उभं राहूनच त्याने बघितलं. ती पाठमोरी होती. एका हातात केस वाळवायचं यंत्र, दुसऱ्या हातात कप. नितळ, पाण्यासारखा. गरम वारा ती कपावर धरत होती, मग नख लावून बघत होती, पुन्हा वारा धरत होती. ऊब दिली की लवकर घट्ट होतं, हेही कधीतरी त्यानेच सांगितलेलं. माप चुकलं असलं तर ऊब कामाची नाही, एवढं सांगायचं राहिलं होतं.

तो घराच्या पुढच्या बाजूला गेला आणि मेहुण्याला फोन लावला.

"भावोजी! काय म्हणते ताई? जमलं का?"

"टेम्पो घेऊन ये."

"म्हणजे नाही जमलं?"

"जमलं रे. तिने अगदी बरोबर केलं. मलाच आता नको वाटतंय. तिला असंच सांगेन."

"ताई ओरडेल तुमच्यावर."

"ओरडू दे." त्याने तडकलेला अंगठा शर्टावर घासला. "आणि हे बघ. आलास की ताईला काही कारण काढून बाहेर ने आधी. मग त्या सुऱ्यांच्या मुठी उपटून काढ. क्लॅम्प सोडलेस की हातानेच निघतील. बाईंना सांग, दुसरीकडून बसवून घ्या."

"हातानेच निघतील?"

"हो."

पलीकडे गॅरेजमध्ये कोणीतरी हातोडी मारत होतं, तिचे ठोके फोनमधून येत राहिले. मग मेहुणा "येतो" म्हणाला.

फोन ठेवून तो पायरीवर बसला. घरामागून घरघर येतच होती. मध्ये ती थांबली. तेवढ्यात नख लावून झालं असेल. मग पुन्हा सुरू झाली.