उसना ठोका

तिसऱ्यांदा त्यांनी संगणकाच्या पाठीतून कार्ड काढलं, तशी तिने सुरी ताटलीत आपटली. माणसाने हट्ट करावा, पण जेवायच्या टेबलावर करू नये. आठ दिवस झाले, दोघं नवरा-बायको ताट मांडीवर घेऊन जेवत होती, आणि जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला हा माणूस सत्तरी ओलांडून एका जुनाट डब्याला गायला लावू बघत होता.

डबा लेकीने शोधून आणला होता. तिच्या शाळेच्या दिवसांत घरात अगदी असाच होता. तो मुका, म्हणून बापाने तिच्यासाठी आवाजाचं कार्ड बनवायला घेतलं होतं. ते पुरं व्हायच्या आधीच डबा मेला. आता पुरं करा बाबा, एवढंच लेकीचं म्हणणं.

पण कार्ड मध्येच सूर धरी, मध्येच खरखरे. लेकीने बघताक्षणी सांगितलं होतं, की कार्डावर बाबांनी ठोका देणारा वेगळा क्रिस्टल बसवलाय. त्याचा ठोका निराळा, संगणकाचा निराळा, दोघांची पावलं जुळणार कशी? संगणकाचा स्वतःचा ठोका मागच्या जोडणीच्या पट्टीवर आयता मिळतो, तोच घ्या. बाप ऐकेना. मागल्या वेळी तोच घेतला होता, म्हणे, त्याच्यावर भार पडला आणि यंत्र जळलं. ‘माझ्या हातून मेलं ते,’ हे पस्तीस वर्षं आल्यागेल्यालाही ऐकवून झालं होतं.

ते वाक्य आलं की बायको उठून स्वयंपाकघरात जाई. लोकांना वाटे, बिचारीला ऐकवत नाही.

पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी तिला टेबल पुसायचं होतं, बाकी काही नाही. ते हात धुवायला गेलेले. संगणकाचा तांबडा दिवा लागलेला, म्हणजे यंत्र चालूच. तिने कार्ड उपटलं, फडकं फिरवलं, कार्ड पुन्हा घुसवलं. दिवा विझला. ती फडकं पिळायला निघून गेली.

आता ते डबा खोक्यात भरू लागले.

“उद्या ती आली की परत देऊन टाक.”

“तो क्रिस्टल काढून बघा की.”

“आणखी एक मारू?”

तिने फडक्याला हात पुसले. कोरडे झाले तरी पुसत राहिली.

“तुम्ही नव्हतं मारलं. मी कार्ड ओढलं होतं. टेबल पुसायला.”

सुतळी त्यांच्या हातात तशीच राहिली.

“दिवा लागलेला होता?”

“होता. आणि परत लावलं ते तिरकं.”

त्यांनी डबा खोक्यातून बाहेर काढला, सोल्डरिंगची गन तापवली, क्रिस्टल उपसून बशीत टाकला आणि त्याच्या जागी पट्टीकडून एक बारीक तार आणली. कार्ड बसवताना दोनदा वाकून बघितलं, सरळ आहे ना. मग बटण दाबलं.

सूर निघाला. एकच, पण सरळ. कुठे खरखर नाही. तो बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. त्यांनी चष्मा काढला, आणि तिच्याकडे न बघताच फडक्यासाठी हात पुढे केला. तिने फडकं दिलं.

“तुमचंही चुकलंच,” ती म्हणाली. “साऱ्या जगाला सांगत बसलात, आणि मला एकदा विचारलं नाहीत. खोटंच बोलले असते मी. पण विचारायचं होतं.”