दोनच माणसांचं घर

सकाळपासून तीन घरं पाहून झाली होती आणि इखलासच्या पायांत गोळे आले होते. जूनचा पहिला आठवडा. अलेक्झांड्रियात हिवाळाभर भाड्याने दिलेली घरं मालक उन्हाळा लागला की परत मागतात; कैरोचे लोक समुद्रावर येतात ना! इखलास आणि तिचे वडील हाजी बाबिकर यांना गुरुवारपर्यंत जागा सोडायची होती. आज मंगळवार. त्यापुढे कुठे जायचं, ते देवालाच ठाऊक.

"सुदानी का?" प्रत्येक दारात पहिला प्रश्न हाच. "मग नको. दोघं म्हणून शिरता आणि आठवड्यात वीस होता."

"बाई, चेहरा जरा हसरा ठेवा हो," दलाल झगलूल म्हणाला.

"तीन वर्षं हसतेच आहे. आता जबडा दुखतो माझा."

चौथं घर मात्र जमलं. इनायत मॅडमचं, तळमजल्यावरचं, वर्षभरासाठी. हाजींचे गुडघे पार कामातून गेलेले, त्यामुळे जिना नाही म्हटल्यावर इखलासच्या जिवात जीव आला. मॅडमने बजावून सांगितलं, "माणसं दोनच. गोतावळा मला चालायचा नाही. दुपारी करार घेऊन येते, तुम्ही पासपोर्टच्या प्रती काढून आणा." आणि भला विचार करून किल्ली देऊन म्हाताऱ्याला आत बसू दिलं. इखलास प्रती काढायला गेली. तिथे रांग होती, मशीन गरम झालेलं होतं, तासभर मोडला.

परत आली तर दारासमोर चपलांचे आठ जोड.

आत हाजींनी शेगडीवर दुधाचा चहा चढवला होता. पहारेकरी खलफ काका, नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर, वरच्या मजल्यावरचे दोन म्हातारे, आणि रस्त्यावरून जाताना हाजींची बोली ओळखून शिरलेले चार सुदानी! खलफ काकांच्या बायकोने 'फूल' नावाची घेवड्याची उसळ आणि भाकरी असं ताटही पाठवलं होतं, त्याभोवती सगळे मांडी घालून बसलेले. हाजींची कोणाशीच ओळख नव्हती, पण हसणं असं की लग्नघर वाटावं.

आणि दारात इनायत मॅडम. हातात करार.

"अजून सही नाही झाली, आणि इथे जत्रा भरली?"

हाजी गुडघे धरून उठले. "या, या बाई! आधी बसा. चहा न घेता जाल तर शपथ आहे माझी!"

"माझ्याच घरात मला बसा म्हणतोय हा माणूस!" मॅडमने हात पुढे केला. "किल्ली."

इखलासने हातापाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. मॅडम बधली नाही.

रस्त्यावर आल्यावर इखलासचा बांध फुटला. "एक तास, बाबा! एक तास तुमच्याने दार लावून बसवलं नाही?"

"दार लावून?" हाजींना खरंच कळेना. "आत माणूस असताना?"

सुदानमध्ये, ओमदुरमानच्या त्यांच्या घराला दिवसाउजेडी कधी कडी लागली नव्हती. तहानलेला वाटसरूसुद्धा तिथे जेवूनच पुढे जायचा. हे तिलाही माहीत होतं, पण राग काही ओसरेना. "आता गुरुवारी फुटपाथवर बसा आणि बोलवा लोकांना चहाला!" ती बोलून गेली.

बुधवारी चौथ्या मजल्यावरचं घर पाहिलं. लिफ्ट बंद. हाजी प्रत्येक वळणावर टेकत टेकत वर आले. मालक रागिब साहेबांनी दोघांना आपादमस्तक न्याहाळलं.

"पाहुणेरावळे येतात का तुमच्याकडे?"

इखलास खोटं बोलायला तोंड उघडणार, तोच हाजी बोलले.

"छे हो. आम्हाला इथे कोणीच नाही. ना नातलग, ना ओळखीपाळखीचं. कोणी येणार नाही."

आवाज अगदी सरळ होता. रागिब साहेबांनी किल्ली दिली.

गुरुवारी इमारतीचा पहारेकरी त्यांच्या पिशव्या घेऊन चार मजले चढून आला. घामाने निथळत दारात उभा राहिला. आतून चहाचा वास येत होता. हाजींनी पिशव्या घेतल्या, "देव भलं करो" म्हणाले आणि हळूच दार लावून घेतलं. मग कडी लावली. हाताला सवय नव्हती, दोनदा सुटली.

"बाबा, अहो बोलवा त्याला!" इखलास पुढे झाली. "एक कप चहाने काय होतंय? मी मालकाशी बोलेन."

"नको, पोरी." हाजी भिंतीला धरून खाली बसले. "कोणी येणार नाही म्हणून सांगितलंय मी त्या माणसाला. शब्द दिलाय."

बाहेर पहारेकऱ्याची पावलं जिना उतरत गेली. हाजी शेवटच्या पायरीपर्यंत ती ऐकत राहिले, आणि पुढ्यातला चहा त्यांनी काही घेतला नाही.