एकोणीस दिवस, दोन-दोन सेंटिमीटर

दुरुस्तीपत्र, मसुदा पहिला.
"कामठा येथील विहिरीच्या पाणीपातळीच्या नोंदींपैकी ९ ते २७ ऑगस्ट या एकोणीस दिवसांच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. कारण मोजणीची टेप"

नाही. टेप चांगली होती.

विहीर आमचीच, शेतातली. तीन वर्षं रोज सकाळी सहाला माझे बाबा, देवाजी, काठावरून टेप सोडून पाणी किती खाली आहे ते मोजायचे, वहीत लिहायचे आणि मला फोनवर आकडा सांगायचे. त्यावर माझा शोधनिबंध उभा राहिला: पावसाने दडी मारली तरी ऑगस्टमध्ये आमची विहीर भरत राहते, कारण वरच्या अंगाचा जुना तलाव झिरपतो. निबंधासोबत सगळे आकडे मी इंटरनेटवर खुले ठेवले. कोणीही उघडावेत, तपासावेत. निरीक्षक म्हणून बाबांचं नाव लिहिलं. माझे मार्गदर्शक उमेंद्र सर तेव्हाच म्हणाले होते, "निबंध छापला ना? मग आकडे कपाटात ठेव. दुनियेला कशाला दाखवतेस?"

मार्चमध्ये एका परदेशी विद्यार्थिनीचा मेल आला. फार नम्र. ३.४२, ३.४०, ३.३८, ३.३६. एकोणीस दिवस, रोज बरोबर दोन सेंटिमीटर. बाकीच्या तीन वर्षांत पाणी सलग तीन दिवससुद्धा सारखं चढलेलं नाही. याबद्दल काही सांगू शकाल का?

अठ्ठावीस तारखेला आकडा एकदम ३.५१. तो मला तेव्हाच खुपला होता. निबंधात मी त्यावर एक ओळ लिहून मोकळी झाले होते: शेजारच्या शेतात मोटर चालली असावी. वीस दिवसांत तो एकच खरा आकडा होता.

मसुदा दुसरा.
"सदर नोंदी निरीक्षकाने प्रत्यक्ष मोजणी न करता"

निरीक्षकाला विचारायला गावी गेले. ते अंगणात सुपात लाखोरीची डाळ पाखडत होते.

"बाबा, त्या ऑगस्टमधी तुमी विहिरीवर गेले होते का?"

सूप थांबलं. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाई. आकडेच दिसून राहिले."

"तुह्या मायले गोंदियाले भरती केलं होतं," ते म्हणाले. "पोटात पाणी झालं होतं."

आई त्याच डिसेंबरात गेली. मला सांगितलं होतं, आजार अचानक आला.

"काऊन नाई सांगितलं मले?"

"तू बंगलोरले शिकून राहिली होती. सांगतो तं निघून आली असती."

"आलीच असती!"

"मंग?"

त्यांच्या दृष्टीने उत्तर झालं होतं.

"शेजारच्या चैतरामकाकाले सांगाचं होतं मोजाले."

"चैतराम? त्याच्या पोटात काई राह्यते का? पयला तुलेच फोन लावला असता त्यानं."

"पण आकडे कायले बनवले, बाबा?"

"तू रोज सहाले वाट पाहे. का सांगू तुले? श्रावणात विहीर चढतेच." सुपातला एक खडा त्यांनी उचलून फेकला. "म्या चढवली."

मी वही आणली. एकेक तारीख विचारली.

९ ऑगस्ट, ३.४२. कॉट मिळाली नाही. खाली चादर टाकली.

१२ ऑगस्ट, ३.३६. पोटातलं पाणी काढलं. आई सुईकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती.

१५ ऑगस्ट, ३.३०. वॉर्डात जिलेबी वाटली. अर्धी खाल्ली तिनं.

१७ ऑगस्ट, ३.२६. आई म्हणाली, अल्काले फोन लावून द्या.

"मंग? नाई लावला?"

"लावला ना. तुले आकडा सांगितला. ती बाजूलेच होती, आवाज मोठा केला होता. म्हणे, म्या नाई बोलत, आवाजावरून वळखन पोरगी."

१८ ऑगस्ट, ३.२४.

पुढच्या तारखा मी विचारल्या नाहीत.

"सिंपल है," उमेंद्र सर म्हणाले. "लिख दे, टेप खराब था. मे महिन्यात इंटरव्ह्यू आहे, पर्मनंट पोस्ट. सात वर्षं कंत्राटावर काढलीस. निबंध गेला तर पोस्ट गेली, समज."

"टेप खराब होती तर अठ्ठावीसला आपोआप कशी सुधारली, सर?"

"कोण विचारणार आहे?"

"ती मेलवाली."

"तिला काय करायचंय? तिची विहीर आहे?" मग आवाज खाली आला. "नाहीतर बाबांवर ढकल. त्यांना कुठे नोकरी करायची आहे."

मसुदा तिसरा. हा पाठवला.

"या नोंदी मोजलेल्या नाहीत. त्या वगळल्यास निष्कर्ष टिकत नाही, म्हणून निबंध मागे घेत आहे. त्या काळात निरीक्षकाची पत्नी रुग्णालयात होती. नोंदी तपासण्याची जबाबदारी माझी होती. मी ती पार पाडली नाही."

संपादकांनी पत्नीचं वाक्य काढलं. वैयक्तिक तपशील छापत नाहीत, म्हणाले.

मुलाखतीत पाच जण होते. अध्यक्षांनी माझ्या प्रामाणिकपणाचं दोनदा कौतुक केलं आणि विचारलं, "आता तुमच्या नावावर निबंध किती उरले?"

"एक."

निवड झाली त्याचे सात आहेत. त्यांतले आकडे कोणी पाहिलेले नाहीत.

विद्यार्थिनीचा आणखी एक मेल आला. रचलेले आकडे कसे ओळखावेत हे शिकवताना माझी फाईल वर्गात दाखवू का? मी हो म्हटलं. खुली फाईल आहे, विचारायचीसुद्धा गरज नव्हती. तिसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर पडद्यावर दिसेल: १७ ऑगस्ट, ३.२६.

निवडीची यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सहाला रोजच्यासारखा बाबांचा फोन आला.

"सहा पॉइंट एक चार. झालं का तुहं काम?"

"यादी लागली नाई अजून."

"लागन, लागन."

मी आकडा लिहून घेत होते. तोंडातून निघून गेलं, "बाबा, मोजलं ना खरंच?"

ते म्हणाले, "हो." फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. सहा वाजून चार मिनिटांनी फोटो आला: विहिरीचा काठ, ताणलेली टेप, आकड्याशेजारी त्यांचा अंगठा. मनगटावरचं घड्याळ दिसावं म्हणून हात अवघडून वळवलेला. खाली त्यांच्या आवाजातला निरोप होता.

"दिसून राहिला ना आकडा? नसन दिसत तं दुसरा काढतो."