बोलावण्याचा चंबू

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चंबू आहे. दोन्ही बाजूंनी चपटा, पोटावर द्राक्षांची नक्षी, गळ्यात चामड्याचा पट्टा. मोरावा नदीकाठच्या आमच्या गावात लग्नाचं बोलावणं माझ्याशिवाय होत नाही. नवऱ्या मुलाकडचा माणूस माझ्यात आलुबुखाराची कडक दारू, म्हणजे रकिया, भरतो आणि दारोदार हिंडतो. ज्याला बोलवायचं त्याने माझ्या तोंडाला तोंड लावून घोट घ्यायचा, मग आपल्या घरची दारू माझ्यात ओतायची. घोट नाकारला तर लग्नच नाकारलं, असा समज. म्हणून मी कधी रिकामा झालो नाही. त्याचा मला मोठा ताठा होता. किती मूर्ख होतो मी!

स्तोयादिनच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. स्तोयादिन मला घेऊन स्वतः निघाला. दिवसाचं शेवटचं घर मिलादिन कुंभाराचं. त्याची बायको क्रुनिया दारातच आडवी आली.

"भाऊजी, यांचा घसा धरलाय. थुंकीसुद्धा गिळवत नाही. आज राहू द्या."

"अहो वहिनी, रकियाच आहे ही! घशातलं सगळं जाळून टाकते. का रे मिलादिन, लग्नाला यायचं नाही वाटतं?"

"न यायला काय झालं? आण इकडे," मिलादिन घोगऱ्या आवाजात म्हणाला.

तो प्यायला. दारू माझ्या पोटात होती, पण माझ्या काठावर राहिली ती त्याची लाळ. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे घटसर्पाचे जंतू होते. स्तोयादिनने काठ पुसला नाही. पुसणं म्हणजे यजमानाचा अपमान.

घरी पोचताच त्याची सहा वर्षांची नात ल्युबिंका धावत आली.

"आजोबा, मला नाही बोलावलंत!"

"अरेच्चा, खरंच की! चला बाईसाहेब, काकाच्या लग्नाला यायचं हं. नुसता ओठ लावा."

तिने मला दोन्ही हातांनी धरलं. मित्रांनो, मला सगळं कळत होतं आणि मला आवाज नव्हता.

जंतू तिच्या ओठांवरून घशात गेले, तिथेच चिकटले, वाढले. तिसऱ्या दिवशी ताप आला. घशात राखाडी पडदा धरला, मान सुजली. जंतू घशातच राहिले, पण त्यांचं विष रक्तातून हृदयापर्यंत पोचलं. शहरातून डॉक्टर औषध घेऊन आले, तोवर उशीर झाला होता. ज्या दिवशी वरात निघायची, त्या दिवशी ल्युबिंकाला पुरलं.

डॉक्टरांनी मला जाळायला सांगितलं. स्तोयादिनने मला चुलीपाशी नेलंही. पण त्याच्या म्हाताऱ्या आईने त्याचा हात धरला. "तुझ्या बापाच्या लग्नातला चंबू आहे तो. ठेव म्हणते ना!" मी वाचलो. असं वाचणं वैऱ्यालाही नको.

त्यानंतर वर्षानुवर्षं मी खिळ्यावर लटकत होतो. आज सकाळी मला खाली काढलं, गार पाण्याने नुसतं खळबळलं आणि रकिया भरली. पुन्हा लग्न आहे. मघाच्या घरी एक बाई खोकत खोकत प्यायली. आता पुढचं दार उघडलंय. आईच्या कडेवरचं मूल माझ्याकडे हात पसरतंय आणि सगळे कौतुकाने हसताहेत.

मित्रांनो, तुम्हाला तरी आवाज आहे. ओरडा ना!