वॅक्सच्या डब्याखालचे स्टूल

मी एक जुने स्टूल आहे. मित्रांनो, स्टूल म्हटल्यावर माळ्यावरचा डबा काढायला घेतात ते लाकडी स्टूल तुमच्या डोळ्यांपुढे आले असेल. मी तसले नाही. मला पाच चाके आहेत, गोल काळी गादी आहे आणि बाजूला एक दांडी आहे. ती दाबली की मी खाली-वर होते. हे सांगताना मला थोडा तोरा चढतो, तेवढा चालवून घ्या.

माझा जन्म बडोद्याजवळच्या छाणी गावातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मला कुणालरावांनी घरी आणले. ते कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला. त्यांची बायको निरुपमा हिने बडोद्यात दांडिया बाजारातल्या घराच्या पुढच्या खोलीत नुकतेच ब्युटी पार्लर काढले होते. मला तिच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "हे तुझ्यासाठी. बसून काम कर." निरुपमाने माझ्यावर बसून एक गिरकी घेतली आणि खुदकन हसली. मला वाटले, आपले नशीब उघडले.

पण तिला हे काम शिकवणाऱ्या डभोईच्या नलिनीबेन फार कडक. त्यांनी बजावून ठेवले होते, "बेटा, ग्राहक म्हणजे घरी आलेला पाहुणा. पाहुण्याचं काम बसून करायचं नाही." निरुपमाने ते शब्द पदराच्या गाठीला बांधले होते. दुसऱ्याच दिवशी वॅक्स गरम करायचा डबा माझ्यावर आला, आणि सात वर्षे तो उतरला नाही. "किती सोयीचं आहे हो हे!" असे येणाऱ्या बायका म्हणत. कौतुक माझेच होते, पण मला ते गोड लागत नसे.

भुवया कोरायच्या म्हणजे दोऱ्याचे एक टोक दातांत, दोन पदर बोटांत आणि मान सारखी पुढे-मागे. ग्राहकाची खुर्ची ठेंगणी, फेशियलचा पलंग त्याहून बुटका आणि निरुपमा चांगली उंच. दिवसभर ती कमरेत वाकलेली असे. संध्याकाळी मान धरे, पाठ भरून येई. तिने बाम चोळला, उशी बदलली, गादी सोडून चटईवर निजून पाहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय! पुढे उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला मुंग्या येऊ लागल्या. ते तिने नवऱ्यालाही सांगितले नाही. दुखणे अंगावर काढले.

मग गेल्या वर्षीचे नवरात्र आले. आमच्या बडोद्यात गरब्याच्या आधीचा आठवडा म्हणजे पार्लरात पाय ठेवायला जागा नसते. मुलींना उघड्या पाठीच्या चोळ्या घालायच्या असतात, म्हणून पाठ, दंड, भुवया, सगळे एकदमच करून हवे असते. त्या दुपारी खुर्चीत कॉलेजातली अवनी होती. काम करता करता निरुपमाची बोटे बधिर झाली. दोरा कुठे लागतो आहे ते तिला कळेना, आणि भुवईचा मधला तुकडाच निघून गेला.

"आंटी, आ शुं कर्युं? हे काय केलंत?" अवनीने आरशात पाहिले आणि ती रडू लागली.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की मानेतली नस दाबली जाते आहे. महिनाभर हाताला विश्रांती, नंतर कामाची पद्धत बदला. नाहीतर काम सोडावे लागेल. निरुपमाने त्यातले शेवटचे वाक्यच तेवढे मनात धरले. दुसऱ्या दिवशी ती "पार्लर कायमचे बंद" असे कागदावर लिहीत होती, तेवढ्यात कमळाबाई आल्या. त्या निवृत्त शिक्षिका, पार्लरच्या पहिल्या ग्राहकांपैकी.

"बंद? आणि ती पद्धत बदलायचं काय झालं?" सगळे ऐकून त्यांनी विचारले.

"बसून करायचं म्हणतात. तुमच्यासारख्यांपुढे मी बसून काम करू? अपमान नाही का वाटणार तुम्हाला?"

"अपमान कसला! अगं, तू एवढी वाकतेस ते बघवत नाही, म्हणून मीच खुर्चीत खाली सरकून बसते. तुला तेवढंच सोपं पडावं."

निरुपमा बघतच राहिली. "कमळाबाई, तुम्ही खाली सरकता म्हणून तर मला आणखी वाकावं लागतं!"

दोघी हसू लागल्या, आणि हसता हसता निरुपमाच्या डोळ्यांना धार लागली. सात वर्षे दोघी एकमेकींच्या भिडेपोटी वाकत होत्या.

"पुरे झालं," कमळाबाई म्हणाल्या. "तो डबा उतरव आणि बस ने आधी."

डबा उतरला. निरुपमा बसली. मित्रांनो, मला काय वाटले ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत.

त्या नवरात्रात पार्लर बंदच राहिले. नंतर कुणालरावांनी ग्राहकाच्या खुर्चीखाली लाकडी चौथरा केला, पलंगाचे पाय उंच करून घेतले. आता ग्राहक मागे टेकून डोके उशीवर ठेवते आणि भुवईची कातडी स्वतः ताणून धरते. निरुपमा माझी उंची जुळवून, पाठ ताठ आणि कोपरे अंगाशी ठेवून काम करते. दोरा दातांत न धरता दोन्ही हातांनी चालवायला ती नव्याने शिकली. सुरुवातीला फार अडखळली. दर ग्राहकामागे पाच मिनिटे उठून ती खांदे फिरवते. ग्राहक कमी घेते, पण पार्लर चालू आहे.

मानेचे दुखणे बरेच गेले. तर्जनीचे टोक मात्र अजून बधिर आहे, आणि ते तसेच राहील असे डॉक्टर म्हणतात. वॅक्स किती गरम आहे ते निरुपमा आता डाव्या हाताने तपासते. माझी सात वर्षे वाया गेली याचे मला फारसे दुःख नाही. त्या बोटाचे आहे.

म्हणून, मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी वाकून राबत असेल, मग ती मेंदी काढणारी असो की केस कापणारा, तर मनातल्या मनात हळहळू नका. त्याला तोंडाने "बसा" म्हणा. मला सात वर्षांत तेवढे म्हणता आले नाही.