आबांच्या नवसाचा बोकड

माझे वडील तात्याबा, आमचे आबा, ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि मुलाण्याने न कापलेलं मटण त्यांनी आजवर तोंडात घातलेलं नाही. आम्ही मेंढपाळ. मी दहा वर्षांची होईपर्यंत आमचं घर म्हणजे दोन घोडी, एक कुत्रं आणि दीडशे मेंढरं. वाटेत एखादी मेंढी पाय मोडून पडली की आबा तिला खांद्यावर टाकून जवळच्या गावात मुलाण्याचं घर शोधत जायचे. नाहीच सापडलं तर मेंढी कुणालातरी देऊन टाकायचे आणि आम्ही पोरं कोरड्यास-भाकरी खात रडायचो. हा काय धर्म, काय रीत, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. आईला विचारलं की ती म्हणायची, "पयल्यापास्नं हाय."

निरवांगीच्या अलीकडे आमची वाडी. तिथला मुलाणी म्हणजे दस्तगीर, आमचा दस्तूमामा. बिरोबाच्या यात्रेला देवळामागच्या चिंचेखाली नवसाचे बोकड उभे राहायचे आणि दस्तूमामा धोतराचा सोगा खोचून, सुरी धुऊन यायचा. तो ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायचा. मी एकदा विचारलं, मामा, काय म्हणतोस? तर म्हणाला, "देवाला सांगतो, पोटासाठी करतोय, आन् बोकडाला सांगतो, तुझ्या जिवावर राग न्हाय." मला ते फार आवडलं होतं. मी आठवडाभर प्रत्येक मुंगळ्याला तेच सांगत फिरत होते.

गेल्या पावसाळ्यात आबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा पायावर उभा राहिलो तर बिरोबाला बोकड देईन, असं ते बोलून बसले आणि खरंच उभे राहिले. दिवाळीपासून ते बोकड पोसत होते. त्याला शेंगदाण्याची पेंड घालत, आणि मला मात्र फोनवर सांगत की महागाई फार झालीय.

यात्रा बारा दिवसांवर आली असताना पहलगामला हल्ला झाला. मी बारामतीत एमआयडीसीतल्या शिलाईच्या कंपनीत सुपरवायझर आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चाळीस बायका डबे उघडून बसलो होतो, पण घास कुणाच्याच तोंडात जात नव्हता. फिरायला गेलेली माणसं. त्यात आपल्या पुण्याचीही होती. बायकापोरांच्या देखत मारली. मी घरी येऊन रडले आणि मग मला राग आला. एवढा राग आला की तो कुठेतरी ओतल्याशिवाय चैन पडेना. फोनवर एक मेसेज आला होता: 'यांच्याकडून काही घेऊ नका, यांना आपल्या कार्यात बोलवू नका, देशासाठी एवढं तरी करा.' मी तो सहा ग्रुपवर टाकला, खाली तिरंगा लावून. देशासाठी काहीतरी केलं असं वाटलं आणि मी कुकर लावायला गेले.

'यांना' म्हणजे कुणाला, हे मी स्वतःला विचारलं नाही. दस्तूमामा मुसलमान आहे हे मला माहीत होतं. आबांच्या डाव्या पायाला सहा बोटं आहेत हेही माहीत आहे. पण ते काही कुणी लक्षात ठेवून वागत नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळीच आईचा फोन आला. माझी आई सारजा फोनवर नेहमी ओरडून बोलते, त्या दिवशी हळू बोलत होती. "मने, दस्तू येत न्हाय म्हणतोय उद्या. म्हातारा कालपास्नं जेवला न्हाय. बोकडाजवळ बसून हाय."

"का येत नाही?"

"पोरांनी त्या मोबाइलात कायतरी टाकलं म्हनं. तू ये बाई आन् झाप त्यास्नी."

मला चेवच आला. स्कूटी काढली आणि निघाले. सणसर मागे पडेपर्यंत मी एकेका पोराला काय काय ऐकवायचं त्याची मनात उजळणी करत होते. वाडीचा ग्रुप दिग्विजय चालवतो. 'आपली वाडी, आपली माणसं' असं त्याचं नाव. दिग्विजय देवळापुढं मांडव घालत होता. मी गाडी लावून थेट त्याच्यावर तुटून पडले. लाज वाटत नाही का रे, ज्या माणसानं तुझ्या जावळाचा बोकड कापला त्याच्याबद्दल असलं लिहिता?

त्याने बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून फोन काढला. "ताई, त्यो मेसेज तुमीच तर टाकलावता. बाकीच्यांनी नुसतं हात जोडल्यात."

माझं नाव, माझा फोटो, खाली तिरंगा. वर सत्तावीस जणांचे जोडलेले हात. पुसून टाकायला गेले तर आता तो फक्त माझ्याच फोनवरून पुसला जात होता. सगळ्यांकडून पुसायची मुदत कधीच संपली होती. दिग्विजय म्हणाला, "दस्तूमामाची सून समीना हाय ग्रुपात. तिनंच वाचून दावला त्यांना." आणि तो पुन्हा मांडवाला दोरी बांधायला लागला. मला झापायचाही त्याने कंटाळा केला.

दस्तूमामाचं घर वाडीच्या टोकाला आहे. पाच मिनिटांची वाट, पण त्या दिवशी मी ती मुद्दाम सावकाश चालले. चालता चालता आठवत राहिलं ते दोन हजार आठ साल. मुंबईवर हल्ला झाला तेव्हा मी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आले होते. वाडीत दिवसाचे दहा-बारा तास लाइट नसायची. दस्तूमामाने ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्यावर टीव्ही चालवला आणि आख्खी वाडी त्याच्या अंगणात येऊन बसली. तीन दिवस कुणी उसाच्या फडाकडे फिरकलं नाही. म्हातारी माणसं पुढे, बाया ओट्यावर, आणि मी नऊ महिन्यांचं पोट घेऊन एकुलत्या एक खुर्चीवर. मामी चहा करून करून थकली तेव्हा लोकांनी आपापल्या घरून दूध आणि साखर आणून दिली. पडद्यावर आग दिसली की सगळे एकदम 'आई गं' म्हणायचे. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं तेव्हा दस्तूमामा उपरणं तोंडाला लावून हुंदके द्यायला लागला, आणि आबा त्याची पाठ चोळत होते. दोघांनीही तोवर मुंबई पाहिली नव्हती.

मला ते दिवस हवेहवेसे वाटतात, हे सांगायची चोरी वाटते. इतकी माणसं मेली, आणि मला आठवतो तो मामीचा चहा. पण खरं तेच आहे. एकच टीव्ही होता म्हणून सगळ्यांना एकच दुःख झालं होतं. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, प्रत्येकाला आपापलं दुःख वेगळं पोहोचतं, आणि त्याच्यासोबत कुणावर चिडायचं तेही लिहून येतं.

दस्तूमामा अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होता. मला पाहून सरकला, जागा केली. "ये मनू. स्कूटीवर आलीस? ऊन केवढं हाय."

समीना दारातून बघून आत गेली. एरवी ती धावत पाणी घेऊन येते.

मी बसले नाही. "मामा, तो मेसेज मी टाकला."

"म्हाइत हाय."

"मी तुला म्हणाले नव्हते रे. तू माझ्या डोक्यातही नव्हतास."

"ते बी म्हाइत हाय." त्याने एक पाकळी सोलून ताटलीत टाकली. "मला तुजा राग न्हाय आला, पोरी. तुला काय मी आज बगतोय? समीनाला आला, तिचं वय हाय."

"मग उद्या ये. आबा जेवले नाहीत कालपासून. तू नाही आलास तर ते दुसऱ्या कुणाला सुरी लावू देणार नाहीत, आणि पुढच्या यात्रेला आपण असू की नाही याचा त्यांना भरवसा नाही. मी तुझ्या पाया पडते."

त्याने आणखी दोन पाकळ्या सोलल्या. मग म्हणाला, "मनू, मी रागानं न्हाय बसलो घरात. मी भ्यालोय."

हा माणूस पुराच्या नीरेत उडी मारून म्हैस काढणारा.

"यात्रंत आता बाहेरची पोरं येत्यात. जो त्यो मोबाइल काढून उभा. मी चिंचंखाली हातात सुरी घिऊन हुबा, दाढीवाला, हाताला रगत. कुणी फोटो काढला आन् निस्ता फोटो म्होरं धाडला, तर बोकड कुणाचा, देव कुणाचा, कोण इचारतंय? गेल्या साली माजाच फोटो काढून पोरांनी मला दावला, तवा आमी हासलो हुतो." त्याचा सोलणारा हात थांबला. "पन्नास वरसं सुरी धरली हातात. यंदा पयल्यांदा वाटलं, ही सुरीच हाय."

मला रडू कोसळलं. तो मला उगी उगी म्हणाला नाही आणि तेच बरं झालं.

घरी आले तर आबा गोठ्यात बोकडाच्या शेजारी बसलेले. मी सगळं सांगून टाकलं. आबांना व्हॉट्सॲप कळत नाही, म्हणून नीट फोड करून सांगावं लागलं, आणि नीट सांगताना ते जास्तच वाईट ऐकू येत होतं.

"म्हंजे तू लोकास्नी सांगितलंस, दस्तूला बलवू नगा?"

"त्याचं नाव नव्हतं घेतलं, आबा."

"मग कुणाचं घेतलं हुतं?"

"कुणाचंच नाही."

"नाव न घेता माणूस घराबाहीर काढता येतो व्हय आता?" त्यांनी खरोखरच विचारलं, टोमणा म्हणून नव्हे. त्या दिवशी ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत, पण आईने केलेला भात दोन घास खाल्ला.

मी ग्रुपवर लिहिलं: माझं चुकलं, दस्तूमामा आपला आहे, कृपया तो मेसेज पुसा. दोन अंगठे आले. एकाने लिहिलं, 'ताई, भावनेच्या भरात मागे हटू नका.' त्याला तेरा अंगठे आले.

यात्रेच्या दिवशी सकाळी आबांनी बोकडाला आंघोळ घातली, भंडारा लावला, देवापुढे नेऊन पाणी शिंपडलं. बोकडाने अंग झाडलं, म्हणजे देवाने कौल दिला. सगळ्यांना वाटलं आता चिंचेखाली जातील. आबांनी दोरी धरली आणि काठी टेकत ते उलट्या दिशेला चालू लागले. मी आणि आई मागे. कुणीतरी विचारलं, "आबा, कुठं निगाला?" आबा म्हणाले, "दस्तूकडं. त्याला यायला जमंना, मग म्या जातो." ऑपरेशनच्या पायाने ते आख्ख्या वाडीतून बोकड घेऊन चालत गेले.

दस्तूमामा आम्हाला पाहून उठून उभा राहिला. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. मग मामा आत जाऊन सुरी घेऊन आला आणि ती धुवायला बसला. समीनाने आबांना पाणी दिलं, आणि जराशाने मलाही.

रस्त्यावरून यात्रेकरूंच्या मोटारसायकली जात होत्या. एक गाडी अंगणासमोर हळू झाली. मागे बसलेल्या पोराच्या हातात फोन होता. तो बहुतेक फोनवर बोलतच असेल, मला माहीत नाही. मामाचा हात थांबला. मी उठले आणि अंगणाच्या फाटकाचं लोखंडी दार ओढून घेतलं.

आबा म्हणाले, "दार कशाला लावतीस गं? चोरी करतोय का आपुन?"

मामा त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, तात्याबा. लागू द्या."

आबा आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिले. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी बोकडाची दोरी मामाच्या हातात दिली, आणि मी आतून कडी घातली.